दारात शुल्क नको, दुकानात अनामत घ्या : ई-कचऱ्याच्या खर्चाविषयी एक खुले पत्र

प्रति,
प्रधान सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन;
सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ;
आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय : ई-कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी पैसे मोजण्याची ग्राहकांची तयारी आणि ते पैसे घेण्याची योग्य वेळ

महोदय,

ई-कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीला खर्च येतो आणि तो कोणाला तरी करावा लागतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो सामान्य ग्राहक त्यातला किती वाटा उचलायला तयार आहे याबद्दल. आपल्याकडचा ग्राहक जुन्या वस्तूचेही पैसे मागतो, तो पदरचे कुठून देणार, असे उत्तर यावर नेहमी ऐकू येते. हे उत्तर अर्धेच खरे आहे आणि त्या अर्ध्या सत्यावर कोणतेही धोरण उभे राहू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मुंबईकर पैसे द्यायला तयार आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते केव्हा मागितले जातात, कोण मागतो आणि त्या बदल्यात कोणती खात्री मिळते, यावर ही तयारी सर्वस्वी अवलंबून आहे. वस्तू टाकून देण्याच्या दिवशी दारात शुल्क मागितले तर नकार मिळेल आणि वस्तू कुठे जायची तिथेच जाईल. तीच रक्कम नवी वस्तू घेताना बिलात स्पष्ट दिसेल अशी, परत मिळणारी अनामत म्हणून घेतली, तर या शहरातली बहुसंख्य कुटुंबे ती देतील, कारण पुढे ती परत मिळवण्यातच त्यांचा फायदा असेल.

मी चेंबूरमधल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. देवनारची कचराभूमी आमच्यापासून फार दूर नाही. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर आमच्या घराघरांत आला होता, त्यामुळे फाटकाबाहेर गेलेला कचरा संपला असे आम्ही मानू शकत नाही. संस्थेच्या कामामुळे जुनी उपकरणे घराबाहेर कशी पडतात, कोण ती नेतो आणि रहिवासी त्या वेळी काय बोलतात, हे मला जवळून पाहायला मिळते. खाली मांडलेले मुद्दे त्या अनुभवातून आणि या विषयावरच्या नियमांच्या वाचनातून आले आहेत.

प्रथम दारातला व्यवहार पाहू. मुंबईतल्या घरात फ्रिज बंद पडला की गृहिणी भंगारवाल्याला हाक मारते किंवा वॉचमनला सांगते. भंगारवाला जिने चढून वर येतो, वस्तू पाहतो, भाव सांगतो, थोडी घासाघीस होते आणि तो रोख पैसे देऊन स्वतःच्या खांद्यावरून ती खाली नेतो. ग्राहकाला यात पैसे मिळतात, हमाली करावी लागत नाही आणि जागा त्याच दिवशी मोकळी होते. साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात जागा मोकळी होणे ही किरकोळ गोष्ट नाही. दुसरा मार्ग नव्या वस्तूच्या खरेदीवरच्या एक्स्चेंज सवलतीचा. तिथेही ग्राहकाला जुन्या वस्तूची किंमत वजा करून मिळते. या दोन व्यवहारांच्या शेजारी आपण तिसरा मार्ग ठेवणार असू, ज्यात ग्राहकाने स्वतः फोन करायचा, गाडी कधी येईल याची वाट पाहायची आणि वर शुल्कही द्यायचे, तर तो मार्ग कोणी का निवडावा? पर्यावरणाबद्दल कमालीची आस्था असलेली थोडी कुटुंबे तो निवडतील. त्यांच्या भरवशावर शहराची व्यवस्था चालत नाही.

भंगारवाला पैसे देतो ते वस्तूतल्या फक्त काही भागांचे, हे लक्षात घेतले की पुढचा सगळा प्रश्न उलगडतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये तांबे आणि लोखंड असते, वॉशिंग मशीनला मोटर असते, एसीच्या कॉइलमध्ये तांबे आणि ॲल्युमिनियम असते, संगणकाच्या आणि मोबाइलच्या सर्किट बोर्डांत तांब्याबरोबर थोडे सोनेही असते. कुर्ला, साकीनाका, धारावी इथल्या गाळ्यांत जो माल फोडला जातो तो याच धातूंसाठी. पण याच वस्तूंत असे बरेच काही असते, ज्याला गिऱ्हाईक नाही. जुन्या सीआरटी, म्हणजे जाड पिक्चर ट्यूबच्या, टीव्हीची शिसेयुक्त काच, सीएफएल आणि ट्यूबलाइटमधला पारा, जुन्या एलसीडी पडद्यांमागच्या दिव्यांतलाही पारा, आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगे मिसळलेले प्लास्टिक, प्रिंटरचे टोनर, फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या आणि फ्रिज-एसीतला वायू हा माल कोणी विकत घेत नाही. तो सुरक्षितपणे वेगळा करायला आणि ठिकाणी लावायला पैसे लागतात. एका मोठ्या सीआरटीत किलोभर शिसे असू शकते. त्यातले तांब्याचे वेटोळे काढून घेतले की उरलेली काच नाल्यात किंवा कचऱ्याच्या ढिगात जाते. एसीची नळी कापली की त्यातला वायू हवेत जातो. पूर्वीच्या बहुतेक घरगुती एसीत भरलेल्या आर-२२ या वायूची वातावरण तापवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट आहे. वायर जाळून तांबे काढताना प्लास्टिकच्या वेष्टनातून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात आणि बोर्ड आम्लात बुडवून सोने काढणारा कामगार ती वाफ दिवसभर श्वासात घेतो.

भंगारवाल्याने दारात दिलेला भाव चढा दिसतो, कारण या सगळ्याचा खर्च त्या भावात धरलेलाच नसतो. तो खर्च कुर्ल्याच्या गाळ्यातला कामगार स्वतःच्या फुप्फुसाने भरतो आणि बाकीचा मिठी नदी, खाडी आणि आपण सगळे मिळून भरतो. मी हे भंगारवाल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तो त्याला परवडेल असा व्यवहार करतो, आणि त्याच्याइतकी दारोदार पोहोचलेली संकलनव्यवस्था या शहरात महापालिकेचीही नाही.

आता कायद्याची बाजू. भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांच्या जागी २०१६ चे नियम आले, आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. तिन्ही नियमांचा पाया विस्तारित उत्पादक जबाबदारी हा आहे : ज्याने वस्तू बाजारात आणली, त्यानेच तिच्या अखेरच्या विल्हेवाटीची सोय करायची. सध्याच्या नियमांनी वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर नेली आणि उत्पादकांना पुनर्चक्रणाची उद्दिष्टे घालून दिली : पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढची दोन वर्षे ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. नोंदणीकृत रिसायकलरकडून पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रे विकत घेऊन उत्पादक ही उद्दिष्टे पूर्ण करतो. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी रिसायकलरला किलोमागे किमान २२ रुपये मिळावेत असा दर ठरला, तेव्हा काही मोठे उत्पादक त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

या रचनेत मला दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या हिशेबाने. म्हणजे ज्याला बाजारात आधीच भाव आहे, त्यालाच नियमांनीही भाव दिला. शिशाची काच, पारा आणि ब्रोमीनयुक्त प्लास्टिक प्रामाणिकपणे वेगळे करून तळोज्याच्या धोकादायक कचरा प्रकल्पात पाठवणाऱ्या रिसायकलरच्या पदरात त्या कामाचे प्रमाणपत्र पडत नाही. दुसरी अशी की ग्राहक या सगळ्यात कुठेच दिसत नाही. चाळीस किलोचा फ्रिज घेतला तर किलोमागे २२ रुपयांनी त्याच्या पुनर्चक्रणाचे ८८० रुपये होतात. उत्पादक ही रक्कम आपल्या नफ्यातून सोसेल असे कोणी समजू नये. पूर्ण नाही तरी तिचा काही भाग किमतीत येतो. याचा अर्थ मुंबईचा ग्राहक ई-कचऱ्यासाठी आजही थोडेफार पैसे देत असणार, पण ते त्याला माहीत नाही, त्याची पावती नाही आणि त्या बदल्यात त्याच्या दारातून जुना फ्रिज नेण्याचे बंधन कोणावर नाही. अशा ग्राहकाला 'तुम्ही विल्हेवाटीसाठी किती द्याल' असे विचारणे मला न्याय्य वाटत नाही. आधी, आज त्याच्याकडून किती घेतले जाते ते त्याला सांगावे.

तरीही तो प्रश्न विचारायचा झाला, तर नीट विचारावा. ग्राहकांची पैसे मोजण्याची तयारी सर्वेक्षणातून मोजण्याची पद्धत अर्थशास्त्रात जुनी आहे आणि तिच्यातले धोकेही माहीत झालेले आहेत. अलास्कात १९८९ साली एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यानंतर अशा सर्वेक्षणांचे आकडे नुकसानभरपाईसाठी ग्राह्य धरावेत का, हा वाद पेटला. तेव्हा अमेरिकन सरकारच्या एका संस्थेने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल पारितोषिक विजेत्या अर्थशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमली. १९९३ च्या अहवालात या समितीने सुचवले की 'किती द्याल' असे मोघम विचारू नये. ठरावीक रक्कम समोर ठेवून सार्वमतासारखा होकार किंवा नकार घ्यावा, उत्तर देणाऱ्याला त्याच्या इतर खर्चांची आठवण करून द्यावी आणि नकारामागचे कारण नोंदवावे. हा शेवटचा सल्ला आपल्यासाठी मोलाचा आहे. शून्य रुपये म्हणणाऱ्यांत काही जण असे असतात ज्यांना खरोखर परवडत नाही, आणि काही असे असतात ज्यांचे म्हणणे असते की हे काम उत्पादकाचे आहे, किंवा महापालिका पैसे घेईल पण गाडी पाठवणार नाही. दुसऱ्या गटाचे शून्य म्हणजे अनास्था नव्हे, तो अविश्वास आहे. दोन्हींची बेरीज करून 'लोक तयार नाहीत' असा निष्कर्ष काढणारे सर्वेक्षण धोरणकर्त्यांची दिशाभूल करते.

आमच्या संस्थेत एका कंपनीला बोलावून ई-कचऱ्याचे संकलन केले, तेव्हा हा फरक उघड दिसला. भाव मिळेल असे काही आलेच नाही. आले ते सीआरटी टीव्ही, फुटके प्रिंटर, जळक्या ट्यूब, रिमोट, चार्जर आणि वायरींचे गुंडाळे. कंपनीने सीआरटीसाठी शुल्क सांगितल्यावर काही जणांनी टीव्ही परत घरात नेले. ज्यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली, त्यांचा एकच प्रश्न होता : ही काच पुढे कुठे जाणार? गाडीबरोबर आलेल्या माणसांना ते सांगता आले नाही आणि नंतर मिळालेल्या प्रमाणपत्रावर एकूण वजनापलीकडे काही नव्हते. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी पैसे द्यायला नकार दिला. त्यांची तयारी होती, ती आमच्या व्यवस्थेने घालवली.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या बाबतीत तर अडचण पैशांची नाहीच. प्रत्येक घराच्या कपाटात जुने फोन पडून आहेत आणि त्यांना भाव मिळत असूनही लोक ते काढत नाहीत, कारण त्यांत मुलांचे फोटो, बँकेचे व्यवहार आणि आधारची छायाचित्रे असतात. आमच्या इमारतीतल्या ज्येष्ठ नागरिकांना मी याबद्दल विचारले आहे. माहिती कायमची पुसली गेल्याचे विश्वासार्ह प्रमाणपत्र आपल्या डोळ्यांदेखत मिळणार असेल, तर फोनचा भाव सोडायलाच नव्हे, वर पैसे द्यायलाही ते तयार आहेत. म्हणजे मोबाइलबाबत 'किती द्याल' या प्रश्नाचे उत्तर शुल्काच्या आकड्यात दडलेले नसून प्रमाणपत्राच्या विश्वासार्हतेत आहे. प्रभाग कार्यालयात आठवड्यातून एक दिवस अशी सोय करणे महापालिकेला अवघड नाही.

पैसे केव्हा घ्यावेत, याबद्दल इतर देशांचा अनुभव उपलब्ध आहे. जपानमध्ये एप्रिल २००१ पासून टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी टाकताना ग्राहकाला शुल्क भरावे लागते. ते वस्तूनुसार काही हजार येनपर्यंत जाते. शिस्तीसाठी जगभर नावाजलेल्या त्या देशातही शुल्क चुकवण्यासाठी रस्त्याकडेला आणि डोंगरात टाकलेल्या उपकरणांची मोजदाद सरकारला करावी लागते. पुढे २००३ मध्ये घरगुती संगणकांसाठी नियम करताना जपानने नव्या संगणकांचे शुल्क खरेदीच्या किमतीतच घेतले. स्वित्झर्लंडमध्ये नव्या वस्तूच्या किमतीत आगाऊ पुनर्चक्रण शुल्क धरलेले असते, त्यामुळे जुनी वस्तू तशा वस्तू विकणाऱ्या कोणत्याही दुकानात फुकट परत देता येते. कॅलिफोर्नियाने जानेवारी २००५ पासून टीव्ही आणि मॉनिटरच्या खरेदीवर पडद्याच्या आकारानुसार ६ ते १० डॉलर घेणे सुरू केले. टाकताना पैसे मागितले की चुकवण्याचा मोह होतो. घेताना मागितले की तो प्रश्नच उरत नाही, कारण त्या दिवशी ग्राहक खर्चाच्या तयारीनेच दुकानात आलेला असतो. तीस हजारांच्या फ्रिजवर एक हजार रुपये आणि भंगार झालेल्या फ्रिजवर एक हजार रुपये या माणसाच्या मनात अगदी वेगळ्या रकमा आहेत.

पण नुसते आगाऊ शुल्क मुंबईला पुरणार नाही, याचे कारण पुन्हा भंगारवाला आहे. स्वित्झर्लंडमध्ये जुनी वस्तू फुकट परत देता येणे पुरेसे ठरते. आपल्याकडे फुकट देण्याच्या मार्गाशी पैसे देणारा मार्ग स्पर्धा करतो. म्हणून शुल्काऐवजी अनामत हवी, जी योग्य ठिकाणी वस्तू गेल्याची नोंद झाल्यावर परत मिळेल. ही कल्पना या शहराला परकी नाही. आरेच्या दूध केंद्रांवर काचेच्या बाटल्या मिळत त्या काळात रिकामी बाटली घेऊनच लोक रांगेत उभे राहत, आणि त्यासाठी कोणाला पर्यावरणाचे धडे द्यावे लागले नव्हते. २०१६ च्या ई-कचरा नियमांत अशी अनामत योजना होती : विक्रीच्या वेळी जादा रक्कम घ्यायची आणि वस्तू परत आल्यावर ती व्याजासह द्यायची. ती ऐच्छिक असल्यामुळे कागदावर राहिली. आपल्याच राज्याने २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या आणि पेट बाटल्यांसाठी परतावा ठेवला होता; कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत तो पोहोचला नाही, कारण परताव्याचे पैसे त्याच्या हातात कोण आणि केव्हा देणार हे ठरलेच नाही. नव्या योजनेत हीच जागा सर्वांत आधी भरावी लागेल.

ती भरण्याचा मार्ग असा असू शकतो. प्रत्येक मोठ्या उपकरणावर अनुक्रमांक असतोच. खरेदीच्या वेळी तो अनामतीच्या रकमेसह एका स्वतंत्र निधीत नोंदवावा आणि हा निधी उत्पादकाच्या ताब्यात नसावा. वस्तू नोंदणीकृत रिसायकलरच्या फाटकात शिरली आणि तिचा अनुक्रमांक तपासला गेला की अनामत त्या क्षणी वस्तू ज्याच्याकडे आहे त्याला मिळावी, पहिल्या ग्राहकालाच मिळावी असा आग्रह नको. यातून तीन गोष्टी साधतात. जुना फ्रिज विकत घेणारे चाळीतले कुटुंब आणि लॅमिंग्टन रोडवर दुरुस्त केलेला संगणक घेणारा विद्यार्थी यांच्यावर नवा बोजा पडत नाही. वस्तूबरोबर अनामतीचा हक्कही त्यांच्याकडे जातो. दुरुस्ती करून वस्तू आणखी काही वर्षे वापरणाऱ्याचे काही बुडत नाही. आणि भंगारवाला ग्राहकाला पूर्वीसारखाच, किंबहुना जास्त भाव देऊ शकतो, कारण वस्तू न फोडता, वायू न सोडता, अखंड रिसायकलरकडे नेली तर अनामत त्याला मिळणार असते. तांबे काढून कवच पोहोचवणाऱ्याला ती मिळू नये, ही अट मात्र काटेकोर हवी. कॉम्प्रेसर आणि कॉइल जागेवर असल्याची तपासणी फाटकातच होऊ शकते.

भंगारवाल्यांना आणि कचरावेचकांना वगळून केलेली कोणतीही योजना मुंबईत चालणार नाही, हे मला पुन्हा सांगावेसे वाटते. स्त्री मुक्ती संघटनेने 'परिसर विकास' उपक्रमातून कचरावेचक महिलांना संघटित करून त्यांच्या कामाला ओळख मिळवून दिली, हे उदाहरण याच शहरातले आहे. ई-कचऱ्याच्या संकलनासाठी अशा गटांची आणि भंगारच्या दुकानदारांची नोंदणी करावी, त्यांना ओळखपत्र आणि लिथियम बॅटरी हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे. सध्याच्या नियमांनी उत्पादक, निर्माता, दुरुस्तीकार आणि रिसायकलर यांचीच नोंदणी ठेवली आहे. वस्तू दारातून उचलणारा माणूस त्या चौकटीबाहेर राहिला आहे. राज्याने केंद्राकडे ही उणीव लेखी मांडावी.

आक्षेप अनेक येतील. अनामतीवर वस्तू व सेवा कर लागून ती महाग होईल, असे म्हटले जाईल. पण परत करायची अनामत मोबदला म्हणून वापरली जाईपर्यंत त्या कायद्यातही मोबदला धरली जात नाही. खर्च ग्राहकावर ढकलून उत्पादक मोकळे होतील, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. म्हणूनच पुनर्चक्रणाचा प्रत्यक्ष खर्च उत्पादकाकडेच राहावा. अनामत ही फक्त वस्तू परत आणण्यासाठी असावी आणि तिच्यातला एकही रुपया उत्पादकाच्या उद्दिष्टपूर्तीसाठी वापरला जाऊ नये. ज्या वस्तू परत आल्याच नाहीत त्यांची अनामत ठरावीक काळानंतर शिशाची काच, पारा आणि वायू यांच्या विल्हेवाटीसाठी खर्च करावी, कारण त्या कामासाठी आज कोणाच्याही अंदाजपत्रकात पैसे नाहीत.

अनामत ज्यांच्यावर कधी घेतलीच गेली नाही अशा वस्तूंचा प्रश्न उरतो. घराघरांतले सीआरटी, सीएफएल आणि पंधरा वर्षांपूर्वीचे एसी हा मागचा साठा आहे. नागरिकांची पैसे मोजण्याची तयारी खरी उपयोगी पडेल ती इथे. महापालिकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये घनकचरा उपविधींचा मसुदा सूचना-हरकतींसाठी ठेवला, त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये असे उपयोगकर्ता शुल्क सुचवले होते. कचऱ्यासाठी एकदा असे शुल्क लागू झाले आणि वर ई-कचऱ्याच्या प्रत्येक फेरीला वेगळे पैसे आले, तर लोक चिडतील आणि त्यांचे चुकणार नाही. त्याऐवजी संस्थांना पर्याय द्यावा : वर्षाला प्रत्येक सदनिकेमागे एक ठरावीक छोटी रक्कम देखभाल बिलातून, त्या बदल्यात वर्षातून ठरलेल्या दोन तारखांना गाडी, आणि प्रत्येक संस्थेला तिच्या मालाचे काय झाले याचा वस्तूनिहाय अहवाल. हा प्रस्ताव वार्षिक सर्वसाधारण सभेत मतदानाला ठेवता येतो. ॲरो आणि सोलो यांनी सुचवलेल्या सार्वमताच्या पद्धतीला इतके जवळचे आणि इतके स्वस्त दुसरे सर्वेक्षण आपल्याला मिळणार नाही. झोपडपट्ट्यांत आणि चाळींत हे संकलन विनाशुल्क ठेवावे. तिथला मागचा साठा तुलनेने कमी आहे आणि तिथे शुल्क मागून काहीच हाती लागणार नाही.

जगात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ साली केलेल्या पाहणीत ई-कचरा निर्माण करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता आणि शहरांत मुंबई. त्यामुळे या बाबतीत पाऊल कोणी आधी टाकावे, याचा निर्णय करण्यासाठी आपल्याला इतरांकडे पाहण्याची गरज नाही.

आपणाकडे माझ्या मागण्या नेमक्या आहेत. अनामत योजना मोठ्या उपकरणांसाठी बंधनकारक करावी आणि शिसे, पारा व शीतक वायू यांच्या सुरक्षित विल्हेवाटीलाही प्रमाणपत्र मिळावे, अशी लेखी शिफारस राज्य शासनाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला करावी. ती मान्य होईपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाने तयार असलेल्या उत्पादकांना आणि विक्रेत्यांना बरोबर घेऊन फ्रिज आणि एसी या दोनच वस्तूंपुरता मुंबईत प्रयोग सुरू करावा, आणि त्यात किती वस्तू अखंड परत आल्या याचे आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत. महापालिकेने ई-कचऱ्यासाठी दारात फेरीमागे शुल्क घेण्याचा विचार करू नये, एम पश्चिम प्रभागातल्या संस्थांना पुढील सर्वसाधारण सभांसाठी वार्षिक रकमेचा नमुना ठराव पाठवावा, आणि मतदानात नकार देणाऱ्या संस्थांकडून नकाराचे कारणही लेखी मागवावे. आमची संस्था हा ठराव आपल्या सभेत सर्वप्रथम मांडायला तयार आहे. त्यासाठी गाडीच्या तारखा आणि माल कोणत्या रिसायकलरकडे जाणार त्याचे नाव आपल्याकडून आधी मिळावे.

आपली विश्वासू,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था,
चेंबूर, मुंबई